पृथ्वी कशी झाली, हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगावं?

प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षांची मुलगी रोज झोपताना विचारते, ‘पृथ्वी कशी झाली? कोणी केली?’ बाबांनी सांगून पाहिलं की सूर्याचा एक तुकडा तुटला, तो थंड झाला आणि त्याची पृथ्वी झाली. त्यावर तिने विचारलं, ‘मग सूर्याला भोक पडलं का?’ बाबा गप्प. आता पुढे काय सांगायचं?

बाबांच्या उत्तरापेक्षा मुलीचा प्रश्न सरस आहे. सूर्यापासून तुकडा निघाल्याची कल्पना बाबांनी मनाने रचलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स जीन्ससारखे नावाजलेले शास्त्रज्ञ मांडत होते की दुसरा एक तारा सूर्याजवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्यातलं द्रव्य बाहेर खेचलं गेलं आणि त्याचे ग्रह झाले. पुढे १९३९ साली लायमन स्पिट्झर यांनी गणित करून दाखवलं, की सूर्याच्या पोटातला इतका तापलेला वायू बाहेर काढला तर तो गोळा होणारच नाही, अवकाशात विरून जाईल. शास्त्रज्ञांनी ती कल्पना सोडली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या डोक्यातून मात्र ती अजून गेलेली नाही.

मी भूशास्त्र शिकवते, आणि बालवाडी ते चौथीच्या मुलांबरोबर दगड घेऊन बसणं हा माझा आवडता उद्योग आहे. त्यावरून सांगते, बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा: पृथ्वी कशापासून तुटून झाली नाही, ती जमत जमत झाली. मुलांच्या मनात हे एकदा बसलं की पुढचे निम्मे प्रश्न त्यांचे तेच सोडवतात. पृथ्वी गोल का, आत गरम का, चंद्रावर इतके खड्डे का, या सगळ्याचं मूळ त्या जमण्यातच आहे.

जमण्याची गोष्ट सांगताना आपल्याकडे हटकून लाडूचं उदाहरण दिलं जातं. कण कण एकत्र आले आणि लाडू वळला गेला, असं. मी ते टाळते. लाडू वळायला हात लागतो, आणि मूल लगेच विचारतं की हात कोणाचा होता. मग आपण अडकतो. कोणी न वळता गोष्टी आपोआप कशा जमतात हेच तर तिला सांगायचं आहे!

त्यापेक्षा खरा घडलेला प्रसंग सांगा. २००३ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात डॉन पेटिट नावाच्या अंतराळवीराने प्लास्टिकच्या पिशवीत मिठाचे आणि साखरेचे कण भरले, पिशवी फुगवली आणि हलवली. तिथे कण खाली बसत नाहीत, तरंगतात. पाहता पाहता, काही सेकंदांत, ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले. त्याला हे पाहायचंच होतं असं नाही, पण ग्रह घडण्याची पहिली पायरी कशी असेल याचा अंदाज त्यातून मिळाला. अशा बारीक कणांना चिकटवणारं बळ गुरुत्वाकर्षण नसतं, स्थिर विद्युत असते. केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटतो तेच बळ. घरात फुगा असेल तर लगेच करून दाखवा. कागदाचे बारीक कपटे फुग्याकडे उडी मारतात तेव्हा मुलं किंचाळतात.

पुंजके वाढत वाढत डोंगराएवढे झाले की मग गुरुत्वाकर्षणाचा खेळ सुरू होतो. मुलांना सांगताना मी त्याला नुसतं ‘ओढ’ म्हणते. आधी चिकटले, मग ओढले. हा क्रम मुलांना सहज कळतो आणि तो बरोबरही आहे.

आता प्रत्यक्ष सांगायची गोष्ट. मी साधारण अशी सांगते, तुम्ही तुमच्या शब्दांत बदला:

‘खूप खूप पूर्वी पृथ्वी नव्हती. सूर्यही नव्हता. तिथे होता एक भलामोठा ढग. पावसाचा नाही हं, वायूचा आणि बारीक धुळीचा. हा ढग स्वतःच्याच ओढीने आक्रसायला लागला. आक्रसता आक्रसता गरगर फिरायला लागला. फिरता फिरता चपटा झाला. मधोमध इतकं काही जमलं, इतकं दाबलं गेलं, इतकं तापलं, की ते लखलखायला लागलं. तो आपला सूर्य! त्याच्याभोवती थोडी धूळ उरली होती. ती फिरत राहिली. मग काय झालं? कणाला कण चिकटला. खड्याला खडा चिकटला. दगडावर दगड आदळला. डोंगरावर डोंगर आदळला. धाड! धाड! कधी फुटायचे, कधी जुळायचे. जो मोठा व्हायचा तो आजूबाजूच्या सगळ्यांना ओढून घ्यायचा. असा एक गोळा मोठा मोठा होत गेला. तीच आपली पृथ्वी. तेव्हा ती निळी नव्हती, हिरवी नव्हती. तापून लालभडक झालेली होती. तिच्यावर पाय ठेवायला जमीन नव्हती, सगळा वितळलेला दगड. मग ती हळूहळू निवली. वर कडक पापुद्रा आला. वाफेचे ढग झाले. पाऊस पडला, पडतच राहिला, आणि समुद्र भरले.’

एवढंच. यापेक्षा जास्त पहिल्या दिवशी सांगू नका. ‘कणाला कण, खड्याला खडा, दगडाला दगड, डोंगराला डोंगर’ ही ओळ मात्र पुन्हा पुन्हा म्हणा. दुसऱ्या दिवशी मुलगीच तुम्हाला सांगेल.

या गोष्टीत एक जागा अशी आहे जिथे मुलं हमखास थांबवतात: ‘तापली कशी? कोणी आग लावली?’ आग नव्हतीच. मोठ्या लोखंडी खिळ्यावर हातोडीचे दहा-पंधरा घाव घाला आणि खिळ्याच्या डोक्याला तिला अलगद बोट लावू द्या. (हातोडी तुम्ही धरा, तिला नको.) आदळलं की गरम होतं, हे बोटाला कळलं की पुढे बोलायची गरज नाही. पृथ्वीवर तर डोंगराएवढे आणि त्याहून कितीतरी मोठे दगड आदळत होते. शिवाय पृथ्वीच्या आतले किरणोत्सारी पदार्थही तिला तापवत होते, पण हे मोठ्यांसाठी. सहा वर्षांच्या मुलीला आदळआपट पुरे.

पृथ्वी वितळलेली असताना एक मोठी घडामोड झाली, तीही दाखवता येते. एक चुंबक घ्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि अंगणातल्या कोरड्या मातीत किंवा नदीच्या वाळूत फिरवा. बाहेर काढलात की त्याला बारीक काळ्या कणांची दाढी आलेली असते. आपल्या देशावरच्या काळ्या दगडाची माती असेल तर ती भरघोस येते, कारण त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. मग सांगा: पृथ्वीत लोखंड पुष्कळ होतं. सगळं वितळलेलं असताना जड लोखंड खाली खाली बुडत थेट मधोमध गेलं आणि हलका दगड वर राहिला. तुझ्या चुंबकाला चिकटलंय ते वर राहिलेलं थोडंसं. बाकीचं बहुतेक सगळं आपल्या पायांखाली, फार खोल, पृथ्वीच्या गाभ्यात आहे.

किती खोल? गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटरवर, आणि पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर. गाभ्याचा बाहेरचा भाग अजून वितळलेला आहे, आतला घट्ट. आतला घट्ट गोळा आहे हे १९३६ साली इंगे लेहमन या डॅनिश बाईंनी भूकंपाच्या लहरींवरून ओळखलं, तिथवर न जाता. जायची सोयच नाही. रशियात कोला इथे माणसाने सगळ्यांत खोल भोक पाडलं ते १२ किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं. तिथे १८० अंश सेल्सिअस तापमान होतं आणि पुढे जाणं जमेना. ‘आत अजून गरम आहे का?’ असं मुलीने विचारलं तर कधीतरी वज्रेश्वरी-गणेशपुरीला न्या. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. तिथल्या कुंडात पाय सोडून बसलं की उत्तर मिळतं. ती ऊब काही अंशी त्या पहिल्या आदळआपटीची शिल्लक आहे, बाकीची युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्साराची.

चंद्राची गोष्ट वेगळ्या रात्रीसाठी ठेवा. ती मुलांची सर्वांत लाडकी. पृथ्वी जवळजवळ घडून झाली होती, तेव्हा मंगळाएवढा एक गोळा येऊन तिच्यावर आदळला. शास्त्रज्ञांनी त्याला थिआ असं नाव दिलं आहे. त्या टकरीत दोघांचा दगड वितळून, उधळून पृथ्वीभोवती फिरायला लागला आणि त्यातून चंद्र जमला. पुन्हा जमण्याचीच गोष्ट. तेव्हाचा चंद्र आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता, आकाशात प्रचंड दिसला असता, आणि पृथ्वी इतकी भरभर फिरत होती की दिवस पाच-सहा तासांचाच असावा. (‘मग शाळा किती वेळ?’ हा प्रश्न येणारच.) चंद्र आजही दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे.

हे कशावरून? अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती आणली, आणि तिच्यातल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाण पृथ्वीवरच्या दगडांशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. चंद्रात लोखंडही कमी आहे, कारण टकरीच्या वेळी पृथ्वीचं लोखंड आधीच आत बुडालेलं होतं. यात आपलाही वाटा आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, आणि प्रज्ञान रोव्हरने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात माती तपासली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जे निष्कर्ष छापले, ते चंद्र सुरुवातीला वितळलेल्या दगडाच्या समुद्राने झाकलेला होता या कल्पनेशी जुळतात. विक्रम उतरताना मुलीने टीव्हीवर पाहिलं असेल, तर हा धागा सोडू नका.

पाण्याबद्दल आई-वडील जरा घाईत बोलतात. ‘धूमकेतूंनी पाणी आणलं’ असं एका वाक्यात संपवतात. आजचा कल वेगळा आहे. पृथ्वी ज्या दगडांपासून जमली त्यांच्यातच पाणी अडकलेलं होतं, आणि पुढे सूर्यापासून लांबच्या, काळपट लघुग्रहांनी त्यात भर घातली. धूमकेतूंचा वाटा असलाच तर थोडा. जपानच्या हायाबुसा-२ ने रयुगू लघुग्रहावरून २०२० मध्ये ५.४ ग्रॅम नमुना आणला आणि अमेरिकेच्या यानाने बेन्नूवरून २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम. दोन्हींमध्ये पाण्याने बदललेली, मातकट खनिजं सापडली. मुलीला सांगायचं ते इतकंच: कोरड्या दिसणाऱ्या दगडातही पाणी लपलेलं असतं. दगड वितळले, वाफ सुटली, ढग झाले, पाऊस झाला. समुद्र लवकरच आले असावेत, याचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला आहे. तिथे झिरकॉन नावाच्या खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक सापडले, त्यातले सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे. त्या काळातही पृथ्वीवर पाणी होतं अशा खुणा या स्फटिकांमध्ये आहेत.

आणि पृथ्वीचं वय? ४५४ कोटी वर्षं. आकडा सांगा, पण त्याचा अर्थ कळावा अशी अपेक्षा ठेवू नका; या वयात शंभर आणि कोटी सारखेच. क्रम सांगा. डायनासोर तिला माहीत असतात, त्यांनाच मोजपट्टी करा. पहिले डायनासोर आले तेव्हा पृथ्वी ४३० कोटी वर्षांची झालेली होती. म्हणजे डायनासोरसुद्धा अगदी अलीकडचे! मी हे सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयाने बघतात, कारण त्यांच्या मते डायनासोरच्या आधी काही नव्हतंच.

हे वय मोजलं कसं, हे तुम्हाला माहीत असू द्या, मुलगी आठवीत गेल्यावर विचारेल. युरेनियमचं शिसं होत जातं आणि ते ठरावीक वेगाने होतं, त्यामुळे शिशाच्या प्रकारांचं प्रमाण मोजून काळ काढता येतो. पण पृथ्वीवरचा अगदी पहिला दगड उरलेलाच नाही. पृथ्वीने तो वितळवून, घडी घालून, झिजवून संपवला. म्हणून क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांनी १९५६ साली अशनींतलं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांतलं, शिसं मोजलं. त्यांतला एक होता अ‍ॅरिझोनातलं विवर करणाऱ्या लोखंडी अशनीचा तुकडा. उत्तर आलं ४५५ कोटी. इतकी वर्षं गेली, तो आकडा जवळजवळ तसाच टिकला आहे.

इथे आपल्याकडची एक गफलत. सह्याद्री बघून पुष्कळजण मुलांना सांगतात, ‘बघ, पृथ्वी झाली तेव्हाचा दगड.’ नाही. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेला लाव्हा, डायनासोर संपले त्या सुमाराचा. पृथ्वीच्या हिशेबात तो कालपरवाचा. त्याच्याखाली खरा जुना दगड आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक लागला. हा जुना खडक उघड्यावर पाहायचा असेल तर गडचिरोली-भंडाऱ्याकडे जा, किंवा दक्षिण गोव्यात. तिथले काही पट्टेदार खडक तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. काणकोणच्या बाजूला सुट्टीत जाणार असाल तर समुद्रकिनाऱ्यावरच्या कातळाला मुलीला हात लावू द्या.

‘कोणी केली?’ हा प्रश्न उरलाच. आजीने देवाचं नाव सांगितलं असेल तर तिला खोडून काढायला जाऊ नका, आणि आपली गोष्टही गाळू नका. मी म्हणते, ‘आजी सांगते ती आजीची गोष्ट. मी दगडांनी सांगितलेली सांगते.’ मुलं दोन्ही ऐकतात आणि त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण मोठ्यांनाच वाटते.

यूट्यूबवरच्या चित्रफिती शक्यतो नंतर दाखवा. बहुतेकांत महास्फोट झाला आणि लगेच पृथ्वी गोल फिरायला लागली असं दिसतं. महास्फोट १,३८० कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वी त्यानंतर नऊशे कोटींहून जास्त वर्षांनी. मधल्या काळात कितीतरी तारे जन्मले आणि मेले, आणि त्यांच्या पोटात तयार झालेलं लोखंड, ऑक्सिजन, सिलिकॉन आपल्या ढगात आलं. दाखवायचंच असेल तर एक स्थिर चित्र दाखवा: चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये टिपलेलं एचएल टॉरी ताऱ्याचं. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरचा हा बाळ तारा, त्याच्याभोवती धुळीची चपटी तबकडी आणि तबकडीत गोल गोल रिकाम्या वाटा. तिथे ग्रह जमत असावेत, आत्ता. आपली सूर्यमाला तान्ही असताना साधारण अशीच दिसत असणार.

शेवटचा प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर येतो: ‘आता परत मोठा दगड पडेल का?’ इथे खोटं ‘नाही’ म्हणू नका. बहुतेक मोठे दगड तेव्हाच पृथ्वीने आणि इतर ग्रहांनी ओढून घेतले, आता मोकळे थोडेच उरलेत, असं सांगा. अधूनमधून एखादा येतो. बुलढाण्याचं लोणार सरोवर तसंच झालं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, तोही पृथ्वी घडून गेल्यावर फार फार नंतरचा. पण आता दुर्बिणी लावून माणसं राखण करत असतात. २६ सप्टेंबर २०२२ ला तर त्यांनी डिमॉर्फोस नावाच्या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम एक यान आदळवलं आणि त्याच्या जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासाहून जास्त लवकर पुरी व्हायला लावली. तो काही आपल्याकडे येत नव्हता, नुसता सराव होता. एवढं ऐकून माझ्याकडची बहुतेक मुलं विचारतात की यान चालवत कोण होतं. कोणी नव्हतं, रिकामं होतं, हे आवर्जून सांगा. नाहीतर त्या चालकाच्या काळजीने झोप येणार नाही.